नवरा व्हीलचेअरवर आहे, आम्हाला मूल होईल का?

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांची, कराडजवळ राहते. लग्नानंतर दोन वर्षांत ह्यांचा बाईकवरून ॲक्सिडेंट झाला, मणक्याला डी ८ ला (छातीच्या मागचा आठवा मणका) मार बसला, कमरेखाली संवेदना नाही. एका आयव्हीएफ सेंटरने पहिल्याच भेटीत सांगितलं, सुईने स्पर्म काढून इक्सी (एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं) करू, खर्च लाखांत. सासूबाई म्हणतात आता कुठलं मूल. हे म्हणतात डोनरचं स्पर्म घे, मला विचारू नकोस. काय करू?

उत्तर: अगं, लगेच पैसे भरू नकोस. शुक्राणू अंडकोषात तयार होतच असतात, अडतं ते वीर्य बाहेर येण्यात, आणि मार डी १० च्या वर असेल (आकडा लहान तितका मणका वरचा, म्हणजे ह्यांचा डी ८ त्यात येतो) तर वीर्य बाहेर टाकणारा मणक्यातला खालचा रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी क्रिया, बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणून आधी व्हायब्रेटरने प्रयत्न करतात. साधा मसाजचा नाही, त्याच कामासाठी बनवलेला जोरदार, तो लिंगाच्या टोकाशी खालच्या बाजूला दोन-तीन मिनिटं धरतात, मग थांबून परत, आणि पोटाचे स्नायू आवळले, पाय ताठ झाले की कळतं आता येतंय. पहिल्यांदा दवाखान्यातच करायचं, बीपीचा पट्टा लावून, कारण डी ६ किंवा त्याच्या वर मार असलेल्यांचं बीपी अशा वेळी एकदम चढतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो. ह्यांना तो धोका कमी आहे पण बघायला हवंच. वीर्य तपकिरी दिसलं तर घाबरू नका, अशा पेशंटमध्ये दिसतं तसं.

त्याने नाही जमलं तर इलेक्ट्रोइजॅक्युलेशन, म्हणजे गुदद्वारातून प्रोब घालून सौम्य करंट देतात, त्यात बहुतेकांचं वीर्य मिळतं. सुई त्याच्यानंतर. ह्या पुरुषांच्या शुक्राणूंचा काउंट बऱ्याचदा चांगला असतो, हालचाल मात्र कमी असते, ती पुरेशी निघाली आणि तुझ्या गर्भनळ्या मोकळ्या असतील तर आययूआयनेही (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) होऊ शकतं, थेट इक्सीच कशाला? म्हणून तुझी एएमएच (अंडाशयात बीजं किती शिल्लक आहेत त्याची रक्ततपासणी) आणि नळ्यांची तपासणी पण आताच करून घे. लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करा. पाय आखडू नयेत म्हणून बॅक्लोफेन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही वीर्य येणं अडू शकतं, पण आपल्या मनाने ती बंद करू नका, एकदम बंद केली तर त्रास होतो. आणि मेडिकलमधून व्हायग्रासारख्या गोळ्या आणू नका, त्याने ताठरता येते, वीर्य येईलच असं नाही.

पुरुषांचं वंध्यत्व बघणारा युरोलॉजिस्ट शोध, पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी जा, आणि "व्हायब्रेटरने आधी बघू का" असं थेट विचार.

आता ह्यांचं. "मला विचारू नकोस" हे रागाचं नाही गं, लाजेचं वाटतं मला. इतकी वर्षं तू त्यांचं सगळं करतेस, कॅथेटर, कुशीवर वळवणं, आणि ह्या कामांच्या मधेच तू हा विषय काढत असशील तर ते पेशंटसारखंच उत्तर देणार. सगळं आवरून दोघं निवांत असाल तेव्हा बोल, तुला त्यांचं मूल हवंय हे तोंडाने सांग. डोनर हा चुकीचा रस्ता नाही, पण त्याला दोघांची लेखी संमती लागतेच, आणि ती त्यांनी सगळं माहीत झाल्यावर द्यावी, हरल्यासारखी नको.

सासूबाईंना एवढंच सांग की तपासण्या चालू आहेत. रिपोर्ट कुणाचा काय आला ते तुमच्या दोघांतच राहू दे.