नमकीनचा जीएसटी ५ टक्के झाला, पण मशीन घेण्याआधी हे गणित करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदूरच्या पालद्याला छोटं युनिट, शेव-मिक्सचर, महिन्याला साधारण ४ लाखांचा माल जातो. जीएसटी १२ वरून ५ झाला म्हणून दुकानदार मागे लागलेत की भाव पाडा, आणि बँकवाला म्हणतोय व्याज उतरलंय, ६ लाखांचं पॅकिंग मशीन घेऊनच टाका. दोन्ही करावं का, असं विचारलंय. भाव पाडा, मशीन थांबवा. का ते सांगतो, जरा लांब होईल.

मी मसालेवाला, सांवेर रोडला आमची चक्की आहे. आम्ही २०१७ पासून ५ टक्क्यांतच बसलोय, तुम्ही २२ सप्टेंबर २०२५ पासून आमच्या पंगतीला आलात, त्यामुळे तुम्हाला जे आता लागणार आहे ते आम्हाला आधीच लागून झालंय.

भावाचं आधी उरकतो. १२ चे ५ झाले म्हणजे ५० च्या पाकिटावर ७ टक्के, साडेतीन रुपये कमी, असं सगळे धरतात, ते चूक आहे. ५० मध्ये टॅक्स आतच होता, तर ५० ला ११२ ने भागा आणि १०५ ने गुणा, ४६.८७ येतात. म्हणजे ४७ छापले तर तुमच्या पदरचं काही जात नाही. ५ च्या पुडीत भाव पाडताच येत नाही, तिथे ३० ग्रॅमचे ३२ करा, पण जुन्या छपाईचा रोल किती पडलाय ते आधी बघा.

आता मशीन. महिन्याचे ४ लाख टॅक्स सोडून धरू. आधी त्यावर ४८ हजार जीएसटी बसायचा, आता २० हजार. खरेदीकडे या, खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या जीएसटीतून वजा होतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. तेल १ लाख २० हजारांचं, त्याचे ५ टक्क्यांनी ६ हजार. मिरची-मसाला २० हजारांचा, १ हजार. बेसन तुम्ही ५० किलोच्या कट्ट्यात घेता म्हणालात, २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावर टॅक्स नाही, म्हणजे क्रेडिट पण नाही. पाऊच ४० हजारांचे, ते अजून १८ टक्क्यांतच, ७,२००. खोके १२ हजारांचे, ते १२ चे ५ झाले, ६००. भाडं २५ हजार, त्यावर १८ टक्क्यांनी ४,५००. सीए वगैरे २ हजार, ३६०. बेरीज १९,६६०. म्हणजे भरायचे उरले महिन्याला ३४० रुपये फक्त. वाचून छान वाटतं ना? थांबा.

६ लाखांच्या मशीनवर १८ टक्के म्हणजे १ लाख ८ हजार. जुन्या हिशोबात तुम्ही महिन्याला साडेसत्तावीस हजार रोख भरत होतात, त्यातून हे क्रेडिट चार महिन्यांत वळतं झालं असतं. आता ३४० नी वळवायला बसलात तर २६ वर्षं लागतील. रिफंड मागू म्हणाल तर इन्व्हर्टेड ड्युटीचा (कच्च्या मालावर टॅक्स जास्त, तयार मालावर कमी) रिफंड फक्त कच्च्या मालाच्या क्रेडिटवर मिळतो, मशीन आणि भाड्यासारख्या सर्व्हिसवर नाही, सुप्रीम कोर्टानेही २०२१ मध्ये हा नियम कायम ठेवलाय. आणि तुमच्या आकड्यांना तो फॉर्म्युला लावला तर पाऊचचंही हातात शून्य येतं, मी करून बघितलं. दिवाळीनंतर खप पडला की भाडं तेवढंच राहतं आणि क्रेडिट उलट साचत जातं. मी २०१८ मध्ये साडेचार लाखांचा पल्व्हरायझर (मसाला दळायचं मशीन) घेतला होता, त्याच्या जीएसटीचे ८१ हजार जीएसटी पोर्टलवर नुसते दिसायचे, वापरता यायचे नाहीत. बायको रोज विचारायची ते पैसे आपले आहेत की सरकारचे.

याच्यासमोर व्याज ठेवा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावरून बँकांचं व्याज हलतं, २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, डिसेंबरपर्यंत ५.२५ झाला. पूर्ण सव्वा टक्का तुमच्यापर्यंत आला असं धरलं तरी ६ लाखांवर पहिल्या वर्षी फार तर साडेसात हजार. आणि तोही लोन रेपोशी जोडलेलं असेल तरच, सँक्शन लेटरमध्ये तेवढं बघून घ्या.

घ्यायचंच असेल तर क्रेडिट घेऊच नका, ते १ लाख ८ हजार मशीनच्या किमतीत धरून त्यावर इन्कम टॅक्समध्ये डेप्रिसिएशन (घसारा) घ्या. दोन्हीकडे घेता येत नाही, एकच. मशीन ७ लाख ८ हजारांना पडलं असं समजून दोन माणसांची पाळी वाचते का बघा, वाचत असेल तर जरूर घ्या.

कंपोझिशन स्कीमचं, म्हणजे छोट्या धंद्याने विक्रीवर थेट ठरलेला टक्का भरायचा, असंही कोणीतरी सुचवलंय. १ टक्का ऐकायला गोड आहे, पण सगळं क्रेडिट जातं आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही, तुमचा तर नागपूरला जातो. तो विषय सोडा.

खरं सांगू, तुमचा नफा टॅक्सपेक्षा तेलात हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम-सोया तेलावरची मूळ आयात ड्युटी शून्याची २० टक्के केली, मे २०२५ अखेर १० वर आणली. आपण माळव्यात बसून काय बोलणार, ड्युटी वाढली की कढईवाला रडतो, उतरली की सोयाबीनवाला. माझे मामेभाऊ देवासकडे सोयाबीन घेतात, त्यांच्यासमोर मी तेल स्वस्त झालं हे बोलत नाही. तुम्ही एका घाण्याला तेल किती लागतं ते आठवडाभर वहीत लिहा, अर्ध्या लोकांना हा आकडाच माहीत नसतो.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केलंय का? फुकट आहे. सियागंजचा शेठ पैसे अडकवतो म्हणालात, तर उद्यमवाल्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नसेल तर १५. त्यापुढे गेला तर पैसे देईपर्यंत त्याला ती खरेदी इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येत नाही. माझ्या एका पार्टीने यावरून माल घेणंच बंद केलं होतं, चार महिन्यांनी परत आली. बिलावर उद्यम नंबर छापा, वेगळं काही बोलू नका, मार्चमध्ये त्यांचा सीएच फोन करेल.