'नीतिमान ठरणे' आणि 'ख्रिस्ताचा विश्वास': ठरतो की होतो, चा की वरचा?

प्रश्न असा होता की मराठी बायबलात पौलाच्या (सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या) पत्रांमध्ये माणूस विश्वासाने 'नीतिमान ठरतो' असं येतं, तर सरळ 'होतो' का नाही म्हटलं, आणि हा विश्वास नक्की कुणाचा?

आधी 'ठरतो' बघू, कारण माझ्या मते भाषांतरकारांनी इथे अगदी नेमका शब्द पकडलाय. मूळ ग्रीक क्रियापद 'दिकाइओओ', ते 'दिकाइओस' म्हणजे न्यायी, नीतिमान यावरून आलंय. आता ग्रीकमध्ये विशेषणाला ही '-ओओ' शेपटी लागली की पुष्कळदा अर्थ 'तसं करणे' असा होतो, म्हणजे 'तुफ्लोस' आंधळा आणि 'तुफ्लोओ' आंधळं करणे, पण 'आक्सिओस' म्हणजे लायक आणि 'आक्सिओओ' म्हणजे लायक समजणे, लायक बनवणे नाही! 'दिकाइओओ' या दुसऱ्या गटातला. पुरावा हवा असेल तर लूकच्या शुभवर्तमानातलं 7:29 बघा, तिथे जकातदारांनी देवाला 'दिकाइओओ' केलं असं मूळ ग्रीकमध्ये आहे, आता जकातदार काय देवाला सुधारणार? देव न्यायी आहे हे त्यांनी मान्य केलं, एवढंच. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात 25:1 मध्येही, त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, हेच क्रियापद न्यायाधीशांसाठी आहे, निर्दोषाला निर्दोष ठरवा, दोषीला दोषी. आपण 'कोर्टात निर्दोष ठरला' म्हणतो, 'निर्दोष झाला' म्हणत नाही, तसंच. हिंदीतही 'धर्मी ठहरना' आहे.

मग भांडण कुठून आलं? लॅटिनमधून. तिथे शब्द झाला 'युस्तिफिकारे', आणि त्याची फोड केली की 'युस्तुस' अधिक 'फाकेरे', म्हणजे नीतिमान + करणे. ऑगस्टीन या लॅटिन धर्मपित्याचं ग्रीक बेताचंच होतं, तो लॅटिनमधूनच विचार करायचा, आणि 412 च्या सुमाराला पेलाजिअसच्या विचारांशी (माणूस स्वतःच्या बळावर चांगला वागू शकतो, या मताशी) वाद चालू असताना त्याने लिहून टाकलं की नीतिमान ठरवले गेले म्हणजे नीतिमान केले गेले, दुसरं काय! गंमत म्हणजे त्याच परिच्छेदात तो पुढे म्हणतो की किंवा मग 'नीतिमान मानले जातील' असाही अर्थ असू शकेल. हे दुसरं वाक्य फार कमी लोक उद्धृत करतात. पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये 'केले गेले' हाच अर्थ रुजला, सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या बाजूचे लोक ग्रीक घेऊन 'ठरवले गेले' म्हणायला लागले, आणि 1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ठणकावून सांगितलं की नुसतं ठरवणं नाही, माणूस आतून बदलतोही. म्हणजे 'ठरतो' हा शब्द व्याकरणाने बरोबर असला तरी कॅथलिक वाचकाला तो अर्धाच वाटू शकतो, हे लक्षात ठेवा.

पहिल्या दोन-तीन शतकांत मात्र यावर असं भांडणच नव्हतं. क्लेमेंटचं रोमहून करिंथला गेलेलं पत्र घ्या, पहिल्या शतकाच्या शेवटाचं, त्यात एकीकडे आपण शब्दांनी नाही तर कृत्यांनी नीतिमान ठरतो असं आहे आणि दोनच अध्याय पुढे आपल्या कृत्यांनी नाही तर विश्वासाने, असंही आहे, आणि लेखकाला त्यात काही खटकलेलं दिसत नाही. यावर टॉरन्स नावाच्या स्कॉटिश पंडिताने 1948 मध्ये म्हटलं की पौलाची कृपेची कल्पना या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांच्या हातून निसटलीच. मला हे जरा अन्यायाचं वाटतं, ठरवले गेले की केले गेले हा ल्यूथरच्या काळचा प्रश्न ज्यांना कधी पडलाच नव्हता त्यांच्याकडे ल्यूथरचं उत्तर कसं सापडेल.

आता 'विश्वास कुणाचा'. ग्रीकमध्ये 'पिस्तिस ख्रिस्तू' एवढंच आहे, षष्ठी. शब्दशः 'ख्रिस्ताचा विश्वास'. आपल्या षष्ठीतही हा घोळ आहेच की, 'तुकारामांची भक्ती' म्हणजे तुकारामांनी केलेली, आणि 'विठ्ठलाची भक्ती' म्हणजे विठ्ठलाला केलेली, 'ची' तीच! शिवाय 'पिस्तिस'चा अर्थ विश्वास आणि निष्ठा दोन्ही होतो. म्हणून रिचर्ड हेज वगैरे अभ्यासक 1980 च्या दशकापासून म्हणतायत की हा ख्रिस्ताने दाखवलेला एकनिष्ठपणा आहे, आणि त्यासाठी ते पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या 4:16 कडे बोट दाखवतात, तिथे तशाच रचनेत अब्राहामाचा विश्वास आहे आणि तो अब्राहामाने ठेवलेला आहे, अब्राहामावर कुणी ठेवलेला नाही. जेम्स डन यांच्यासारखे अभ्यासक उलट बाजूला, मार्कच्या शुभवर्तमानात 11:22 मध्ये 'पिस्तिन थेऊ' म्हणजे देवावर विश्वास असाच अर्थ घ्यावा लागतो, मग इथे का नको?

पौलाच्या गलतीकरांस पत्रात 2:16 मध्ये तर दोघांनाही खाद्य आहे. त्या एकाच वाक्यात 'पिस्तिस ख्रिस्तू' दोनदा येतं आणि मध्येच 'आम्हीही ख्रिस्त येशूवर विश्वास ठेवला' असं स्वच्छ क्रियापद येतं. एक पक्ष म्हणतो बघा, पौलाने स्वतःच अर्थ सांगितला, दुसरा म्हणतो की तोच अर्थ असता तर एका वाक्यात तीन तीनदा कशाला सांगेल.

मला पारडं किंचित 'ख्रिस्तावरचा विश्वास' या अर्थाकडे झुकलेलं वाटतं, कारण ग्रीक ज्यांची रोजची भाषा होती त्या जुन्या धर्मपित्यांना इथे दुसरा अर्थ डोकावल्याचं फारसं दिसत नाही. पण प्रचलित मराठी बायबलातलं 'ख्रिस्तावरील विश्वास' ही एक बाजू निवडून टाकतं आणि वाचकाला निवड झाल्याचं कळतही नाही. मी भाषांतर करत असतो तर 'ख्रिस्ताच्या विश्वासाने' असं ठेवून खाली टीप दिली असती, मराठी षष्ठी तेवढी संदिग्धता आरामात पेलते. तुम्ही लेखात उतारा देणार असाल तर छापील पाठच द्या आणि कंसात 'मूळ: ख्रिस्ताचा' एवढं टाका.