वाचकांचे प्रश्न : माशांचे खाद्य आणि पाणवनस्पतींचे खत

प्रश्न : माझ्याकडे १०० लिटरची टाकी असून तीत गप्पी, टेट्रा आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे आहेत. विकतच्या खाद्याबद्दल खात्री वाटत नसल्याने मी कोलंबी उकडते, पालक व कणकेबरोबर वाटते आणि उन्हात वाळवून तेच रोज देते. रासायनिक क्षार घरी हाताळण्याची भीती वाटते, म्हणून खताची बाटली मात्र महाग असली तरी दुकानातूनच आणते. दिरांच्या द्राक्षबागेतील १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियमचे) वापरून पाहावे, असे घरचे सुचवतात. व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने पिवळी पडू लागली आहेत. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची काळजी योग्य आहे, पण ती नेमकी उलट्या जागी आहे. खत घरी बनवण्यास हरकत नाही. रोजचे खाद्य मात्र विकतचेच असावे, असे माझे मत आहे.

पोटॅशियम नायट्रेट बागायतदाराच्या पिशवीतून आले काय किंवा रंगीत बाटलीतून आले काय, वनस्पतीच्या लेखी ते एकच. बाटलीत बहुतांश पाणी असते आणि त्या पाण्याचेच आपण पैसे मोजतो. मात्र दिरांकडून १९:१९:१९ घेऊ नका. त्यातील नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो; द्राक्षवेलीला तो चालतो, पण टाकीत त्यातून अमोनिया वाढतो आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका तो माशांना अधिक घातक ठरतो. १२:६१:० लाही हाच आक्षेप आहे. तुम्हाला हवे ते १३:०:४५, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट, जे द्राक्षबागेत ठिबकमधून सर्रास सोडले जाते. त्याचा १ ग्रॅम १०० लिटर पाण्यात विरघळवला की नायट्रेट लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढते आणि पोटॅशियमही मिळते. २५ ग्रॅम क्षार अर्धा लिटर पाण्यात विरघळवून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यानंतर, त्यातील १० मिलिलिटर टाकीत घालावे. ज्या टाकीत वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडला जात नाही अशा, मध्यम उजेडाच्या टाकीला एवढे पुरते. हा क्षार ज्वलनाला मदत करणारा असल्याने गॅसजवळ ठेवू नये. बाटलीवर ठळक नाव लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नये.

स्फुरदासाठी ०:५२:३४ मिळते, पण माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून फॉस्फेट येतच असते, त्यामुळे तुम्हाला त्याची गरज बहुधा पडणार नाही. जुनी पाने पिवळी पडणे हे नत्राच्या किंवा पोटॅशियमच्या कमतरतेचे लक्षण असते, कारण ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे नेते. तेव्हा वरच्या द्रावणाने फरक पडावा. कोवळी पानेच फिकट निघू लागली तर लोहाची शंका घ्यावी. सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली मात्र टाकीसाठी बनवलेलीच विकत घ्या. त्यांची मात्रा इतकी अल्प असते की स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ती मोजता येत नाही, शिवाय शेतीच्या मिश्रणांत तांबे असते आणि शोभेच्या कोळंब्या व गोगलगाई ते सहन करू शकत नाहीत.

आता खाद्याकडे वळू. तुम्ही कोलंबी उकडता हे उत्तम, कारण काही कच्च्या मासळीत आणि कवचधारी प्राण्यांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि उष्णतेने निष्प्रभ होते. खरी अडचण पुढे आहे. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, आणि उकडणे, वाटणे व उन्हात वाळवणे या तिन्ही पायऱ्यांवर ते कमी होत जाते. त्याच्या दीर्घ अभावाने माशांचा कणा वाकू शकतो. उन्हात कोलंबीतील स्निग्धांशही खवट होतो. चांगल्या कारखान्यात या जीवनसत्त्वाचे टिकाऊ रूप मोजून मिसळतात, जे आपल्या गच्चीवर साधत नाही. कणीक तर पाण्यात सुटून ते गढूळ करते, तेव्हा ती वगळाच.

तरीही हाताने केलेले खाद्य पूर्ण सोडू नका, आठवड्यातून दोनदा द्या. उकडलेली कोलंबी, वाफवलेला पालक आणि सोललेले मटार बारीक वाटावेत. चायना ग्रास पाण्यात वेगळे उकळून, ते कोमट झाल्यावर पण गोठण्यापूर्वी वाटणात मिसळावे आणि पातळ थर करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. जिलेटिन आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतच विरघळू लागते, म्हणून चायना ग्रासच बरे. सुका जवळाही चालतो, पण मीठ लावलेला नाही ना हे पाहून आणि भिजवून द्यावा.

विकतचे खाद्य घेताना पाकिटावर पहिला घटक मासळी किंवा कोळंबी आहे की गव्हाचे पीठ, हे वाचावे. मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण उघडल्यावर जीवनसत्त्वे घटत जातात, म्हणून दोन-तीन महिन्यांत संपेल इतकेच आणावे. पोत्यातून सुटे मोजून दिलेले खाद्य मी तरी घेत नाही.

प्रश्न : केळीच्या सालींचे पाणी आणि वर्मीवॉश (गांडूळ खतातून झिरपलेले पाणी) माझ्या गुलाबांना मानवते. तेच टाकीत घालता येईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. कुंडीतल्या मातीत सेंद्रिय पदार्थ कुजायला जागा आणि हवा असते. टाकीत त्यावर जिवाणू माजतात, पाणी दुधाळ होते, विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. गांडूळ खतच वापरायचे असेल, तर नवी टाकी मांडताना ते चाळून, अगदी पातळ थरात तळाशी पसरावे आणि त्यावर किमान दोन इंच धुतलेली वाळू घालावी. अमोनिया व नायट्राइट चाचणीत शून्य दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा महिनाभर, त्या टाकीत एकही मासा सोडू नये.