जुन्या ट्रायम्फ स्पिटफायर गाडीचं स्टिअरिंग ग्रीस मारूनही जडच लागतंय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि गॅरेजवाले दर वेळी निपलमधून (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून) ग्रीस मारून देतात. ते ग्रीस आधी बंद करा.

ट्रायम्फ स्पिटफायरच्या पुढच्या चाकाला खाली बॉल जॉइंट नसतो. तिथे ब्राँझचं ट्रनियन (आतून आटे असलेला सांधा) असतं आणि पोलादी व्हर्टिकल लिंक, म्हणजे चाक धरणारी उभी दांडी, त्यात आट्यांनी बसते. चाक वळलं की हे आटे एकमेकांत फिरतात. त्यांना ईपी ९० हे जाड गिअर ऑइल लागतं, कंपनीच्या पुस्तकातही दर ६,००० मैलांना तेलच सांगितलंय. ग्रीस तळापर्यंत पोचत नाही, सुकून दगड होतं आणि आत पाणी साचतं. बेळगाव-खानापूरचा पाऊस आणि तांबडा चिखल यात लिंक आतल्या आत गंजून बारीक होते. मग आटे संपतात तिथे चीर जाते आणि चाक आडवं पडतं. बहुतेकदा हे पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होतं, पण चोर्ला घाटात व्हायलाही वेळ लागत नाही.

दोष कुठे आहे ते असं बघा. गाडी स्टँडवर घ्या, टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) सोडवा आणि हब (चाक बसतं तो भाग) हाताने डावी-उजवीकडे वळवा. हब वळायला जड असेल तर दोष ट्रनियनमध्ये, हलका असेल तर रॅकमध्ये, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाकांच्या दांड्या डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या भागात. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर ट्रनियन किंवा वरचा बॉल जॉइंट.

इतकी वर्षं ग्रीस गेलंय म्हटल्यावर एकदा खोलाच. लिंक रॉकेलने धुऊन आटे उजेडात धरा. खड्डे, चीर किंवा आट्यांची धार झिजून बोथट झालेली दिसली तर लिंक आणि ट्रनियन दोन्ही बदला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्पेसर (जोडात अंतर राखणारे तुकडे) चांगले टर्न करून मिळतील, पण लिंकला वेल्डिंग कुणी कितीही खात्रीने सुचवलं तरी करू नका. डावीकडचे आटे उलटे असतात, ते सोडवताना आणि ऑर्डर देताना लक्षात ठेवा. बसवताना नवीन सील घाला, ट्रनियन पूर्ण आत फिरवा आणि मग बोल्टच्या रेषेत येईपर्यंत मागे घ्या, फार तर एक फेरा. घट्ट टेकलेलं ठेवलं तर स्टिअरिंग एका बाजूला अडतं.

तेलासाठी वेगळी ग्रीस गन ठेवा. ट्रनियनचा प्लग काढून तिथे निपल लावा, चाक जमिनीवरून उचला आणि वरच्या सीलमधून स्वच्छ तेल येईपर्यंत गन मारत राहा, मधेमधे स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा. आपल्याकडे मैल मोजत बसू नका: एकदा पावसाआधी, एकदा गणपती झाल्यावर. नंतर फरशीवर तेलाचे दोन-चार थेंब दिसतील, ते दिसायलाच हवेत.

हब हलका निघाला तर रॅकच्या यू-बोल्टखालचे रबर बघा. ते मेले की वळवताना अख्खा रॅकच सरकतो.