शेजाऱ्याच्या धुराने आमचा पाऊस पळवला का?

या वेळी धूर आणि ढग यावर इतकी पत्रं आलीयत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. रागवू नका. सगळ्यात जास्त लोकांनी विचारलेलं आधी घेते.

प्रश्न: शेजारच्या देशातला धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे येतो, आभाळ भरून येतं पण पाऊस काही पडत नाही. मी म्हणतो हे धुरामुळेच. माझा भाऊ म्हणतो उलट धुराने जास्त पाऊस पडतो, त्याने कुठेतरी वाचलंय. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, त्यामुळे भांडण आज मिटणार नाही, सॉरी.

आधी एक प्रयोग करा, पाच मिनिटांचा आहे. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, तळाला थोडं कोमट पाणी घाला, झाकण लावून हलवा, मग बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. आत फारसं काही दिसणार नाही. आता काडी पेटवून विझवा, तिचा जरासा धूर बाटलीत जाऊ द्या, झाकण लावा आणि परत दाबून सोडा. सोडल्या सोडल्या आत पांढरं धुकं येतं, दाबलं की गायब, सोडलं की परत हजर. पाणी तेच, वाफ तीच, फरक फक्त धुराचा. फ्रान्समध्ये कुलिए यांनी १८७५ साली आणि त्यानंतर स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी काचेच्या भांड्यात साधारण हेच करून दाखवलं होतं, की वाफेला बसायला काहीतरी कण लागतो. कण नसेल तर हवेतली आर्द्रता १०० टक्के झाली तरी थेंब बनत नाही, ती चारशे टक्क्यांच्या आसपास न्यावी लागते, आणि खऱ्या आभाळात तसं कधी होत नाही. म्हणजे धूळ, समुद्राचं मीठ, धूर यातलं काहीच नसेल तर ढगच नाही. तुमच्या भावाचं बरोबर आहे ते इथपर्यंत.

आता तुमची बाजू. ढगात पाणी ठराविकच असतं. कण वाढले की तेच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, आणि वारस वाढले की जे होतं तेच होतं, प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. समुद्रावरच्या स्वच्छ हवेतल्या ढगात एका घन सेंटीमीटरमध्ये शंभरेक थेंब असतात, धुरकट हवेत ते हजारापर्यंत जातात. पावसाचा एक बऱ्यापैकी मोठा थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि ते एकत्र येतात कधी, तर काही थेंब मोठे होऊन भरभर पडायला लागतात आणि वाटेतल्या बारक्यांना धडकत गोळा करतात तेव्हा. सगळेच बारके असले तर सगळे सारख्याच संथपणे तरंगत राहतात, धडकाधडकी होत नाही आणि पाऊस लांबतो. असा ढग वरून जास्त पांढराही दिसतो कारण बारीक थेंब ऊन जास्त परतवतात, हे शॉन ट्वूमी यांनी १९७० च्या दशकात मांडलं. पुढे २००० साली डॅनियल रोझनफेल्ड यांनी सॅटेलाइटच्या चित्रांत तुर्कस्तान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या कारखान्यांवरून वारा जातो त्या बाजूच्या ढगांत लांबच लांब पट्टे दाखवले, त्या पट्ट्यांत थेंब बारीक आणि पाऊस दबलेला, शेजारच्या ढगात सगळं नॉर्मल.

पण हे झालं बुटक्या, उबदार ढगांचं. उंच वाढणाऱ्या गडगडाटी ढगात गोष्ट फिरते. खाली पाऊस पडला नाही म्हणून बारीक थेंब वर चढत राहतात, शून्याखाली जातात, गोठतात, गोठताना उष्णता सोडतात आणि त्या उष्णतेने ढगाला अजून वर जायला जोर मिळतो. मग पाऊस उशिरा येतो पण धो धो, विजांसकट. किती ढगांत खरंच असं होतं यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे, पण विजांचा पुरावा मला तरी भारी वाटतो: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हिंदी महासागराचा ईशान्य भाग आणि दक्षिण चीन समुद्र इथे धूर सोडणाऱ्या जहाजांच्या ठरलेल्या मार्गावर आजूबाजूच्या समुद्रापेक्षा विजा जवळपास दुप्पट पडतात. समुद्र तोच, हवामान तेच, रस्ता आखल्यासारखी विजांची रेघ. २०२० मध्ये जहाजांच्या इंधनातला सल्फर, म्हणजे गंधक, ज्यापासून धुरातले बारीक कण बनतात, तो कमी करायचा नियम आला, त्यानंतर सिंगापूरजवळच्या मार्गावर त्या विजा निम्म्याच्या आसपास घटल्या.

आणि काजळी वेगळीच. ती ऊन परतवत नाही, शोषते. वरचा हवेचा थर तापतो, खाली जमीन सावलीत राहून थंड पडते, आणि खाली थंड वर गरम झालं की हवा वर उठायचीच बंद होते, मग ढग कुठून येणार. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मालदीवला तळ ठोकून इंडोएक्स नावाची मोठी मोहीम झाली होती, वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखाली, तेव्हा दक्षिण आशियातून गेलेला तपकिरी धुरकट थर थेट विषुववृत्तापर्यंत समुद्रावर पसरलेला सापडला, काही किलोमीटर जाड. जिथे आजूबाजूला कारखाना सोडा, जमीनही नाही तिथे.

तर तुमच्या घरच्या भांडणाचा निकाल असा की धूर पाऊस लांबवतो, सरकवतो, कधी कधी जोरदार करतो, आणि यातलं काय होणार ते ढगाच्या उंचीवर आणि धुराच्या जातीवर ठरतं. पण डोक्यावरचा एक ढग बघून शेजाऱ्याला दोषी ठरवू नका. आभाळ भरून पाऊस न पडायची साधी कारणं ढिगाने आहेत, ढग पातळ असतो, खालची हवा कोरडी असते आणि थेंब वाटेतच सुकतात, हवेला वर चढायला जोरच नसतो.

प्रश्न: इतक्या लांब धूर जातोच कसा? वाटेत पावसात धुऊन निघत नाही?

उत्तर: निघतो ना, पाऊस हाच त्याचा मुख्य शेवट. पण मधे पाऊस नसेल तर बारीक कण साधारण आठवडाभर हवेत टिकतात, कारण मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, लहान कण खाली पडायला तयारच नसतो. दोन-तीन किलोमीटर उंचीवर सेकंदाला १० मीटरचा वारा म्हणजे काही विशेष नाही, तरी दिवसाला साडेआठशे किलोमीटर होतात. पूर्व आशियातली धूळ आणि धूर आठवड्याभरात पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला पोचतात ते असेच. थंडीत हवा जमिनीलगत कोंडलेली असते तेव्हा मात्र धूर लांब न जाता तिथेच साचतो आणि दाट धुकं धरतो. लांबचा पल्ला गाठायला त्याला आधी वर उचललं जावं लागतं.

प्रश्न: आमच्या भागात बाहेरचा धूर येतच नाही, सगळी मोजणी चांगली येते. मग आम्ही निवांत राहायचं ना?

उत्तर: नाही हो, हाच तर या सगळ्यातला सगळ्यात चक्रावणारा भाग आहे. आफ्रिकेतला साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा पट्टा, १९७० आणि ८० च्या दशकात भयंकर दुष्काळात होरपळला. सुरुवातीला दोष तिथल्याच लोकांना दिला गेला, की गुरं जास्त चारली, झाडं तोडली. नंतर हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये दिसलं की युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांच्या सल्फरने उत्तर अटलांटिकवरची हवा आणि ढग जास्त पांढरे झाले, तिथला समुद्र थंड पडला, आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा गरम बाजूला, म्हणजे दक्षिणेला सरकला. दुष्काळाचं सगळं कारण हेच असं कोणी म्हणत नाही, समुद्राच्या तापमानातले नैसर्गिक चढउतारही होते. पण बघा, धूर साहेलच्या डोक्यावर आलाच नाही आणि पाऊस गेला. मान्सूनबद्दलही हाच हिशोब मांडला जातो: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियाचा उन्हाळी मान्सून कमजोर पडला त्यात मानवी धुराचा हात आहे असं २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासात निघालं, कारण जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हाच मान्सून ओढतो आणि धूर तो फरकच कमी करतो.

प्रश्न: हवा स्वच्छ केली तर पृथ्वी जास्त तापते असं ऐकलं. मग धूर राहू द्यायचा का?

उत्तर: पहिलं वाक्य खरं, दुसऱ्यावर मला चिडायला होतं. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं मंडळ, त्यांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे हवेतल्या कणांनी पृथ्वी ढोबळमानाने ०.४ अंश थंड ठेवलीय, अंदाज शून्यापासून ०.८ पर्यंत जातो इतकी त्यात अनिश्चितता आहे, आणि ती मुख्यतः ढगांमुळेच आहे. जहाजांच्या इंधनात १ जानेवारी २०२० पासून सल्फर ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आला तेव्हा समुद्रावरच्या ढगांतल्या जहाजांमागच्या पांढऱ्या रेघा झटक्यात कमी झाल्या, म्हणजे तेवढं ऊन आता समुद्रात जातंय. पण हेच कण फुप्फुसात जातात, दरवर्षी जगात लाखो माणसं त्याने मरतात, आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो तर धूर आठवड्यात जातो. धूर ठेवून काहीच थांबत नाही, फक्त झाकून राहतं. कार्बन कमी करा आणि धूरही, याला मधला रस्ता मला तरी दिसत नाही.

प्रश्न: मग ज्या देशाने धूर सोडला त्याला जबाबदार धरता येतं का? भरपाई वगैरे?

उत्तर: धुराच्या थेट नुकसानाला हो, आणि ते जुनं आहे. कॅनडातल्या ट्रेल गावच्या धातू गाळायच्या कारखान्याचा धूर दरीतून सीमा ओलांडून अमेरिकेतल्या शेतांवर आणि झाडांवर जायचा, त्यात लवादाने १९३८ आणि १९४१ मध्ये निकाल देऊन कॅनडाला भरपाई द्यायला लावली. एक चिमणी, एक दरी, जळलेली पिकं समोर, सोपं काम होतं. पुढे १९६७ मध्ये स्वीडनच्या स्वांते ओडेन यांनी दाखवलं की तिथल्या तळ्यांतलं आम्ल ब्रिटन आणि मध्य युरोपातून येतंय, त्यावरून वाद पेटला आणि १९७९ ला जिनिव्हात सीमापार प्रदूषणाचा करार झाला. त्याखाली १९८५ ला हेलसिंकीत सल्फर ३० टक्के कमी करायचं ठरलं. आग्नेय आशियात जंगलं आणि पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, जाळून होणाऱ्या धुरावर आसियान या तिथल्या देशांच्या संघटनेचा २००२ चा करार आहे, पण जिथे सगळ्यात जास्त जळतं त्या इंडोनेशियाने तो मान्य करायला २०१४ उजाडलं. त्याच वर्षी सिंगापूरने कायदाच केला की परदेशात आग लावून आमच्याकडे धूर पाठवणाऱ्या कंपनीवर आम्ही खटला भरू.

पावसाचं मात्र वेगळं आहे. सल्फर चिमणीवर मोजता येतो, तळ्यात मोजता येतो. "धूर नसता तर किती पाऊस पडला असता" हे मोजायचं यंत्र नाही, ते फक्त कॉम्प्युटर मॉडेलमधून धूर काढून बघता येतं, मॉडेल बदललं की आकडा बदलतो, कधी कधी अधिकचा उणा होतो, आणि समोरच्या देशाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. म्हणून आत्ताचे करार चिमणीतून आणि आगीतून काय निघतं तेवढ्यावरच बोलतात, ढगाचं नाव कोणी काढत नाही.