वाचकांचे प्रश्न : पाच क्वाडवाली साशा आली कुठून?

प्रश्न : नमस्कार ताई, 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली त्या लांब केसांच्या रशियन मुलीची फिगर स्केटिंगमधली फ्री स्केट (दुसरा, लांब कार्यक्रम) मी आत्ता कुठे बघितली. एकाच कार्यक्रमात पाच क्वाड, म्हणजे हवेत चार गिरक्यांच्या उड्या, आणि तरी सिल्व्हरच, आणि नंतर ती रडत होती ते बघवेना. ही मुलगी एवढी आली कुठून? तिची सुरुवातीची वर्षं कशी होती ते सांगाल का?

उत्तर : नमस्कार. विचारलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेकांना तिचं बीजिंगच माहितीये आणि माझ्या मते तिचा खरा पराक्रम त्याच्या चार वर्षं आधीचा आहे. अलेक्झांड्रा त्रुसोवा, सगळे तिला साशा म्हणतात. जन्म 23 जून 2004, शहर रियाझान, मॉस्कोपासून साधारण 200 किलोमीटर. चार वर्षांची असताना बर्फावर उतरली. रशियात ह्यात कुणाला नवल वाटत नाही, तिकडच्या क्रीडाशाळा चार-पाच वर्षांची पोरं घेतात, बर्फावर सराव असतोच शिवाय जमिनीवर धावणं, दोरीवरच्या उड्या, बॅले, स्ट्रेचिंग, आणि पोरगं चमकतंय असं दिसलं की घरचे बिऱ्हाड मॉस्कोला हलवायच्या मागे लागतात. साशाही मॉस्कोला आली आणि पुढे साम्बो-70 ह्या क्रीडाशाळेत प्रशिक्षक एतेरी तुतबेरिद्झेच्या ग्रुपमध्ये पोचली. तिथे उड्यांवर मेहनत घ्यायला सेर्गेई दुदाकोव, कोरिओग्राफीला दानिल ग्लेइखेनगाउझ.

आता तिची जन्मतारीख जरा लक्षात ठेवा. इंटरनॅशनल ज्युनियर स्पर्धांना 1 जुलैच्या आधी 13 पूर्ण लागतात आणि साशाने ते जेमतेम आठ दिवस आधी गाठलं, दोन आठवडे उशिरा जन्मली असती तर अख्खं वर्ष घरी बसायची. पण नाही बसली, 2017 मध्ये ब्रिस्बेनची ज्युनियर ग्रां प्री जिंकली, मग मिन्स्कची, मग डिसेंबरमध्ये नागोयाची फायनल. आणि मग आलं मार्च 2018 मधलं सोफिया, वर्ल्ड ज्युनियर.

तोपर्यंत महिलांच्या स्पर्धेत क्वाड नीट उतरवलेली एकच बाई होती, जपानची मिकी आंदो, तिने 2002 मध्ये क्वाड साल्को केला होता. त्यानंतर पंधरा वर्षं कुणालाच जमलं नाही आणि हे पुरुषांचंच काम असं लोकांनी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं. सोफियात साशाने सुरुवातच क्वाड साल्कोने केली. साल्को ह्या उडीला ब्लेडच्या पुढच्या टोकाचा आधार मिळत नाही बघा, डाव्या पायाच्या आतल्या कडेवर मागे सरकत यायचं आणि उजवा पाय झोकून द्यायचा, बास, हवेत मिळतो एक सेकंदसुद्धा नाही आणि त्यात सगळ्या गिरक्या संपवून उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर मागच्या दिशेने उतरायचं, छाती पुढे पडली की गेलंच. तिने तो उतरवला आणि लगेच पुढचा क्वाड टो लूप (ब्लेडचं टोक बर्फात टेकवून घेतलेली उडी), जो स्पर्धेत कुठल्याच बाईने कधी केला नव्हता, तोही उतरवला. एका कार्यक्रमात दोन क्वाड करणारी पहिली महिला, वय 13. एकूण 225.52 गुण, दुसरी आलेली तिच्याच ग्रुपमधली अल्योना कोस्तोर्नाया 18 गुणांनी मागे. मी ते अजूनही बघते आणि अजूनही टो लूपच्या वेळी श्वास अडकतो.

ऑक्टोबर 2018 मध्ये येरेवानला तिने क्वाड लुट्झ (हा उडीचा आणखी अवघड प्रकार) केला, तोही महिलांमध्ये पहिला, आणि 2019 मध्ये झाग्रेबला परत वर्ल्ड ज्युनियर जिंकली.

प्रश्न : ताई, ह्या मुली अंगाने बारीक असतात म्हणून फिरतात, मोठ्या झाल्या की संपतात, असं माझा भाऊ म्हणतो. त्यात किती तथ्य आहे?

उत्तर : अर्धं खरं आहे. खांदे-कंबर अरुंद असली, वजन कमी असलं की हात जवळ घेतल्यावर अंग जास्त वेगाने फिरतं, हे फिजिक्सच आहे, त्यात वाद नाही. आणि वय वाढताना उंची बदलते, तोल बदलतो, काल जमलेली उडी आज जमत नाही, हेही ह्या खेळात सारखं दिसतं. 2014 ला सोचीत 15 व्या वर्षी टीम गोल्ड मिळवणारी युलिया लिपनित्स्काया 19 व्या वर्षी थांबली, 2018 ची चॅम्पियन अलिना झागितोवा 17 व्या वर्षी स्पर्धांपासून बाजूला झाली. हे बघून मलाही त्रास होतो आणि ह्या पोरींना कसं वापरलं जातं हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पण त्यावरून साशाचं काम "बारीक होती म्हणून" असं उडवून लावणं मला अजिबात पटत नाही. बारीक मुली जगभरच्या रिंकवर होत्या की, मिकी आंदोनंतर पंधरा वर्षं त्यातल्या एकीलाही का नाही जमलं? आणि साशाने पाच क्वाड केले ते 13 व्या वर्षी नाही, 17 व्या वर्षी केले, म्हणजे वाढ झाल्यावरही तिने आकडा वाढवतच नेला. हट्ट आणि सराव, दुसरं काय. भावाला हे नक्की दाखवा.

प्रश्न : ज्युनियरला एवढं जिंकलेली मुलगी सीनियरला आल्यावर सारखी तिसरी का? मला तर हा अन्याय वाटतो.

उत्तर : राग समजू शकते, पण अन्याय नाही म्हणणार, नियमांचा हिशोब आहे. डिसेंबर 2018 ची रशियन नॅशनल्स बघा, पहिली आन्ना श्चेरबाकोवा, दुसरी साशा, तिसरी अल्योना, तिघी तुतबेरिद्झेच्याच आणि तिघींचंही वय सीनियर युरोपियन-वर्ल्डला जायला कमी (1 जुलैच्या आधी 15 पूर्ण लागायचे), म्हणजे देशात पहिल्या तीन आणि पाठवता एकही येत नाही! पुढच्या वर्षी तिघी एकदमच सीनियर झाल्या (साशाचे 15 परत तसेच आठ दिवस आधी पूर्ण झाले), त्यामुळे तिची स्पर्धा जगाशी नव्हतीच, रोज शेजारी सराव करणाऱ्या दोघींशी होती.

आणि महिलांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (फ्री स्केटच्या आधीचा छोटा कार्यक्रम) क्वाडला परवानगीच नव्हती. साशाचं हत्यार तिथे म्यानातच राहायचं. ट्रिपल अ‍ॅक्सेल (पुढे तोंड करून घ्यायची साडेतीन गिरक्यांची उडी) मात्र चालायचा, तो 8 गुणांचा, साधा डबल अ‍ॅक्सेल 3.3 चा, आणि अल्योनाकडे ट्रिपल अ‍ॅक्सेल होता, साशाकडे तेव्हा नव्हता. मग फ्री स्केटमध्ये भरपाई करायला जास्त क्वाड, जास्त क्वाड म्हणजे पडायची भीती जास्त. क्वाड लुट्झ 11.5 चा, पण पडलं की निम्मे जातात आणि वर पडल्याचा एक गुण कापतात, उरले 4.75. साध्या ट्रिपल लुट्झचे 5.9 मिळतात! म्हणजे पडण्यापेक्षा तीनच गिरक्या घेणं फायद्याचं, हे तिलाही कळत होतंच, तरी ती चारच घ्यायची. 2019 ची ग्रां प्री फायनल तुरिनला झाली, तिथे महिलांमधला पहिला क्वाड फ्लिप (हाही उडीचा एक प्रकार) हिने केला आणि आली तिसरी, 2020 ला ग्रात्सच्या युरोपियनलाही तिसरीच. मला विचाराल तर त्या तिसऱ्या नंबरांचं मला जास्त कौतुक आहे.

प्रश्न : आता सीनियरचं वय 17 केलंय म्हणे. तेव्हाच असतं तर साशाचं काय झालं असतं?

उत्तर : हो, जून 2022 मध्ये फुकेतच्या आयएसयू (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना) काँग्रेसमध्ये ठरलं, तोवर 15 होतं ते आधी 16 आणि 2024-25 च्या सीझनपासून 17. तारीख लावून बघा, साशाला 17 पूर्ण झाले 23 जून 2021 ला, म्हणजे तिचं पहिलं सीनियर वर्ष थेट बीजिंगचंच आलं असतं! दोन वर्षं त्या तिघींच्या रस्सीखेचीत गेली ती वाचली असती, आणि निर्णय योग्यच आहे असं माझं मत. फक्त मग ऑक्टोबर 2019 चं केलोना झालं नसतं. तिथे स्केट कॅनडा स्पर्धेला शॉर्टनंतर ती जपानच्या रिका किहिराच्या मागे होती, फ्री स्केटमध्ये पहिल्याच क्वाड साल्कोवर दणकन पडली, उठली आणि पुढे क्वाड लुट्झ, क्वाड टो लूपला जोडून ट्रिपल टो लूप, शिवाय अजून एक क्वाड टो लूप. फ्री स्केटचे 166.62, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड, पडूनसुद्धा! एकूण 241.02 आणि गोल्ड. बीजिंग बघून झालंय ना तुमचं, आता सोफिया आणि केलोना ह्या क्रमाने बघा, आणि केलोनात ती पडल्यापासून लुट्झ घेईपर्यंतचे सेकंद नीट बघा, कुठेही वेग कमी केलेला दिसणार नाही.