हजारो सॅम्पल (संगीतात वापरायचे आवाजाचे छोटे तुकडे) नीट लावायला आणि त्यांचा फॉरमॅट बदलायला एकच सॉफ्टवेअर आहे का?

एकाच सॉफ्टवेअरचा हट्ट सोडा: सॅम्पल शोधायला-लावायला सोनोनिम किंवा एडीएसआर सॅम्पल मॅनेजर आणि फॉरमॅट बदलायला सॉक्स किंवा एफएफएमपेग, अशी जोडी घ्या. सोनोनिम विकत घ्यावं लागतं, पण ते एखादा किक (ड्रमचा ठोका) दिला की त्याच्यासारखे आवाज शोधून देतं; फाइलींची नावं धड नसतील (आणि ती सहसा नसतातच) तर याचाच खरा उपयोग. एडीएसआर फुकट आहे, टॅग लावण्यापुरतं पुरेसं. एफएफएमपेग कमांडवर चालतं, त्यामुळे छोट्या स्क्रिप्टने अख्खं फोल्डर एका दमात होतं. पण त्यात एक खोच आहे. वेव्ह फाइल बनवताना वेगळं सांगितलं नाही तर ते १६ बिटच काढतं, म्हणजे तुमच्या २४ बिटच्या सॅम्पलचा दर्जा गुपचूप खाली येतो. '-सी:ए पीसीएम_एस२४एलई' हा पर्याय (अर्थात रोमन लिपीत) द्यायला विसरू नका. मात्र वेव्ह फाइलींमध्ये लूपच्या खुणा (आवाज कुठून कुठपर्यंत पुन्हा वाजवायचा ते सांगणाऱ्या) असतील तर त्या रूपांतरात गळू शकतात. त्यामुळे मूळ फाइली लगेच पुसू नका, आधी बदललेल्या दोन-चार फाइली सॅम्पलरमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा यंत्रात) उघडून बघा.